पुठ्ठ्याचे तीन हजार तुकडे

डब्लिन येथील गिनेस या बिअरच्या कारखान्यात १८९९ साली विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डचा पदवीधर रसायनशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. सातूची प्रत पारखावयाची, तर प्रयोग खर्चाचे आणि हाती येणाऱ्या नोंदी मोजक्या. संख्याशास्त्राचे तत्कालीन नियम मात्र मोठे नमुने गृहीत धरीत. चार नोंदींच्या सरासरीवर विश्वास तरी किती ठेवावा, हा त्याच्यापुढील प्रश्न होता.

त्याने एक सूत्र बसविले. परंतु त्याची सिद्धता अपुरी होती. तेव्हा ते त्याने प्रत्यक्ष कसोटीस लावले. ३,००० गुन्हेगारांची उंची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी मॅक्डोनेल याच्या एका निबंधात नोंदलेली होती. ती मापे त्याने पुठ्ठ्याच्या ३,००० तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांप्रमाणे पिसले, एकेक उचलून आकडे वहीत उतरविले आणि ओळीने चार-चारांचे ७५० नमुने पाडले. प्रत्येक नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती ढळते, हे त्याच नमुन्याच्या विचलनाच्या मापाने मोजले. आलेली वाटणी सूत्राच्या वक्ररेषेशी बऱ्याच अंशी जुळली.

१९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात हे संशोधन ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. कारण कारखान्याला आपल्या नोकरांची नावे उघड होऊ द्यावयाची नव्हती. पुढे रोनाल्ड फिशर याने सूत्राची पक्की सिद्धता दिली. छोट्या प्रयोगांचे निष्कर्ष आजही त्याच सूत्राने पारखले जातात. आता संगणकाला चार ओळींची आज्ञावली दिली की असे हजारो नमुने क्षणात पडतात आणि त्यांचा आलेखही उमटतो. रीत मात्र गॉसेटचीच आहे.