दोन बाइट जास्त

15 सप्टेंबर 2023 च्या अधिसूचनेने औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. शहराच्या नावाला केंद्राचा होकार त्याआधीच, 24 फेब्रुवारीला आला होता. पाट्या, लेटरहेड, रबरी शिक्के यांची धांदल सगळ्या गावाने पाहिली. कॉम्प्युटरमधल्या फाइलींच्या नावांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, आणि खरी अडचण तिथेच होती. जुन्या नावात स्पेस नव्हती, नव्या नावात आहे. जुनं नाव 24 बाइटचं, नवं 49 चं. पुढच्या घटनाक्रमातलं ऑफिस आणि माणसं मी रचलेली आहेत. तारखा, कमांड आणि बाइटचा हिशेब मात्र खरा आहे.

शनिवार, 16 सप्टेंबर, दुपारी 4:00. दहा तास बाकी

शहरात मंत्रिमंडळाची बैठक, त्यामुळे जागोजागी बंदोबस्त. कॅनॉट भागातल्या एका दुसऱ्या मजल्यावर जुनी दप्तरं स्कॅन करून देणारं छोटं ऑफिस. साहेब फोनवरूनच सांगतात, "सोमवारी पार्टी येणार आहे. सगळीकडे नवीन नाव दिसलं पाहिजे. फाइलींवरसुद्धा." सिस्टिम बघणारा मुलगा म्हणतो, "होऊन जाईल साहेब, स्क्रिप्ट टाकतो."

टेबलाखाली उबुंटूवर चालणारा जुना सर्व्हर आहे, आत साधी फिरती हार्ड डिस्क. शेजारच्या खोलीत बॅकअपचं दुसरं मशीन. रोज रात्री दोनला क्रॉन हा वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम उठतो आणि आरसिंक हा फाइली जुळवणारा प्रोग्राम चालवतो. त्याला डिलीटचा पर्याय लावलेला आहे, म्हणजे सर्व्हरवर जे नाही ते बॅकअपवरूनही काढून टाकायचं. आदल्या दिवसाची प्रत वेगळी ठेवलेली नाही. याला मिरर म्हणतात. आपल्याकडे यालाच बॅकअप म्हणायची पद्धत आहे.

संध्याकाळी 6:30. साडेसात तास

पहिली स्क्रिप्ट चार ओळींची. 'औरंगाबाद_' ने सुरू होणारी प्रत्येक फाइल घ्यायची, सेडने नवं नाव तयार करायचं, ते एमव्ही या फाइल हलवणाऱ्या कमांडला द्यायचं. एंटर मारल्याबरोबर पडदा एररने भरून वाहायला लागतो.

मुलाने व्हेरिएबलला डबल कोट लावले नव्हते. कमांड वाचणारा शेल कोट नसलेली किंमत स्पेसवर तोडतो. एमव्हीच्या हातात दोनऐवजी तीन नावं पडली: जुनी फाइल, 'छत्रपती' आणि 'संभाजीनगर_' पासून पुढचं सगळं. तीन नावं आली की एमव्ही शेवटचं फोल्डर समजतो आणि आधीची दोन त्यात टाकायला जातो. तसं फोल्डर नव्हतं, म्हणून तो हटून बसला. एकही फाइल हलली नाही. औरंगाबाद या नावावर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालेल अशी स्क्रिप्ट नव्या नावावर पहिल्याच फटक्यात पडते, याचं कारण एवढंच. युनिक्सला नावातली स्पेस मुळीच वर्ज्य नाही. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून नावात काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. स्पेसवर अडतो तो शेल.

रात्री 8:15. पावणेसहा तास

कोट लागले. पाच फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन चाचणी झाली, पाचही सुरळीत. पण हाताला आल्या त्या छोट्या नावाच्या, 'औरंगाबाद_पावती_0012' असल्या. कमांड आधी नुसती इको करून बघायची सवय त्याला आहे, ती त्याने पाळलीही. चाचणीतला माल निवडण्याची सवय कुणी लावत नाही.

रात्री 9:40. चार तास वीस मिनिटं

पूर्ण फोल्डरवर स्क्रिप्ट चालते. हजारो फाइली भराभर नवं नाव घेतात, कारण एकाच डिस्कवर एमव्ही मजकुराला हातच लावत नाही, फक्त फोल्डरच्या यादीतली नोंद बदलतो. मग मध्येच एरर सुरू होतात: नाव फार लांब आहे. अडलेल्या फाइलींपैकी एकीचं नाव असं:

औरंगाबाद_पैठण_मौजे_बिडकीन_फेरफार_नोंदवही_जीर्ण_प्रत_पुनर्स्कॅन_1962_ते_1971_खंड_दुसरा_पान_0147

पुढे टिंब आणि पीडीएफची तीन इंग्रजी अक्षरं. मोजून बघा. युटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. नुसतं 'पुनर्स्कॅन' तीस बाइटचं होतं. आकडे, अंडरस्कोर आणि शेपूट धरून हे नाव भरतं 232 बाइट. त्यात पंचवीसची भर पडली की 257. ईएक्सटी-4 फाइल सिस्टिमची मर्यादा 255.

ही मर्यादा कंजूषपणाची नाही. सत्तरच्या दशकातल्या युनिक्समध्ये नाव चौदा बाइटचंच असायचं. आजच्या हिशेबाने त्यात 'औरंग' एवढंच मावलं असतं, त्यातला ग सुद्धा कान्याशिवाय राहिला असता. बर्कलीवाल्यांनी 1983 मध्ये 255 पर्यंत वाढवून दिलं, तेव्हा इंग्रजीत कुणाला ते संपेल असं वाटलं नसेल. मराठीत 85 चिन्हांत ते संपतं.

आणि एक चमत्कार बघा. त्याच नोंदवहीचा चौथा खंड अडला नाही. पहिला, दुसरा, तिसरा या शब्दांत पाच-पाच चिन्हं आहेत, 'चौथा'त चारच. तीन बाइट वाचले, नाव 254 वर थांबलं, फाइल निघून गेली.

इथपर्यंत एक पानही गेलेलं नव्हतं. तीन तास यंत्र कुरकुरत होतं आणि तेवढा वेळ माल शाबूत होता, हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लांब नावं होती कुणाची, तर ज्या ऑपरेटरने जीव ओतून गाव, तालुका, वर्षं, खंड सगळं नावात लिहिलं होतं त्याची. 'स्कॅन_1', 'स्कॅन_2' म्हणून ढकलणाऱ्याच्या फाइली पहिल्याच फेरीत पार झाल्या होत्या.

रात्री 10:50. तीन तास दहा मिनिटं

घरून फोन. "पाणी आलंय का बघ म्हणाला होतास ना? आलंय. मोटर लावायला ये." या शहरात तेव्हा पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, त्यामुळे नोकरी, लग्न, पाहुणे सगळं त्याच्यामागून. मुलगा घाईत स्क्रिप्टमध्ये एक तुकडा घालतो: शेपूट बाजूला काढ, नवं नाव कटने 240 वर छाट, शेपूट परत जोड. गणित बरोबर आहे, 244 होतात, मर्यादेत बसतात.

नाव छाटायचं तर कुठून छाटायचं, याचा विचार मात्र राहून गेला. कट नेहमी मागून तोडतो, आणि पान क्रमांक मागेच होता. शेपूट सोडून नवं नाव 253 बाइटचं. त्यातले शेवटचे पंधरा '_पान_0147' चे. 240 वर सुरी चालवली की अंडरस्कोर राहतो आणि 'प' च्या तीन बाइटांतला पहिला राहतो. उबुंटूवरचं कट अक्षरं मोजायला सांगितलं तरी बाइटच मोजतं. 'प' चा तो एकतृतीयांश भाग कुठल्याच भाषेतलं अक्षर नाही, टर्मिनल त्याच्या जागी प्रश्नचिन्ह दाखवतं.

आता खंड दुसरा, पान 1 चं नवं नाव आणि पान 312 चं नवं नाव एकच.

रात्री 11:05. दोन तास पंचावन्न मिनिटं

एंटर. एकही एरर नाही. काही सेकंदांत प्रॉम्प्ट परत येतो.

त्या सेकंदांत काय झालं ते नीट सांगायला हवं. पान 1 ला नवं नाव मिळालं. मग पान 2 आलं, त्यालाही तेच नाव. एमव्हीने कर्नलला विनंती केली. त्या नावाची फाइल आधीच असेल तर कर्नल तिची नोंद काढून तिथे नवीन बसवतो. हा दोष म्हणता येणार नाही, ठरवून तसं केलेलं आहे: बदल एका झटक्यात व्हावा, अर्धवट अवस्था कुणाला दिसू नये. पान 1 डिस्कवर बिननावाचं झालं आणि त्याची जागा मोकळी म्हणून जाहीर झाली. मग पान 3 ने पान 2 ला हटवलं. असं 312 पर्यंत. एमव्हीला 'डॅश एन' दिलं असतं तर तो असलेल्या फाइलीवर चढला नसता, 'डॅश आय' दिलं असतं तर विचारत बसला असता, बॅकअपचा क्रमांकवाला पर्याय दिला असता तर जुनी प्रत बाजूला ठेवली असती. काहीच न सांगितल्यावर तो कुणालाच विचारत नाही.

मुलाने त्या नोंदवहीची यादी तपासली. हेडने वरच्या दहा ओळी पाहिल्या. वर्णक्रमात च हा त, द, प यांच्या आधी येतो, म्हणून वर दिसला चौथा खंड, पान क्रमांकांसकट. दिवे घालवून तो मोटर लावायला गेला.

मध्यरात्र ते 2:00

हा वेळ अजून होता. बॅकअपच्या मशीनवर तिन्ही खंड जुन्या नावाने पूर्ण होते.

दोन वाजता आरसिंकने दोन्हीकडच्या याद्या लावून पाहिल्या. फाइलचं नाव बदललंय हे त्याला कळत नाही. एक नाव गेलं, दुसरं आलं, एवढंच दिसतं. त्याने नवीन आणलं आणि जुनं पुसलं, सांगितलं होतं तसंच.

बॅकअपनेच घात करण्याचं याहून मोठं उदाहरण क्योतो विद्यापीठातलं. 2021 च्या 14 डिसेंबरच्या संध्याकाळपासून 16 च्या दुपारपर्यंत तिथल्या सुपरकॉम्प्युटरवरून सुमारे 77 टेराबाइट माल गेला, 3.4 कोटींच्या आसपास फाइली, 14 संशोधन गटांच्या. पुरवठादार कंपनीने बॅकअपची शेल स्क्रिप्ट चालू असतानाच बदलली. स्क्रिप्ट चालवणारा शेल, बॅश, ती एकदम वाचून ठेवत नाही, लागेल तशी वाचत जातो. मधूनच नवी स्क्रिप्ट वाचली गेली, त्यातले व्हेरिएबल रिकामे निघाले, आणि दहा दिवसांपेक्षा जुने लॉग काढायला लिहिलेली फाइंड कमांड भलत्याच ठिकाणी फिरली. चार गटांचा माल परत मिळालाच नाही. माझ्या मते तिथे नवी स्क्रिप्ट जुनीवर न लिहिता वेगळी तयार करून एमव्हीने जागेवर आणली असती, तर चालू असलेला बॅश जुनीच प्रत शेवटपर्यंत वाचत राहिला असता. कॅनॉटमध्ये ज्या वागण्याने घात केला, क्योतोत त्यानेच वाचवलं असतं.

रविवार, 17 सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाल्याचा सोहळा. ऑफिस बंद. सर्व्हर चालू, आणि त्यावर लॉग लिहिले जात होते. मोकळ्या जाहीर झालेल्या जागेवर लिहिला गेलेला प्रत्येक लॉग एखाद्या पानाच्या उरावर.

सोमवार, सकाळी 11:20

पार्टी येते. "बिडकीनचं दुसरा खंड, पान 147 दाखवा." मुलगा खंड दुसरा शोधतो, एकच फाइल. उघडतो. नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा फोटो, कोपऱ्यात वाळवीने खाल्लेलं. पहिल्या खंडाचाही पुठ्ठा, तिसऱ्याचाही.

साहेब आधी पोरावर ओरडतात, मग शहाणपणा करून सर्व्हरची वायर उपटायला लावतात. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फोटोरेक चालवलं जातं. ते फाइल सिस्टिमच्या याद्यांच्या नादी लागत नाही, डिस्क सरळ चाळत जातं आणि पीडीएफची सुरुवात दिसली की तेवढा तुकडा उचलतं. फिरती डिस्क होती म्हणून हे जमलं. ट्रिम चालू असलेली एसएसडी असती तर बहुतेक काहीच हाती लागलं नसतं. संध्याकाळपर्यंत मोठा ढीग जमा झाला. नाव मात्र फोटोरेकला माहीत असायचं कारण नाही. एफ आणि पुढे डिस्कवरच्या जागेचा आकडा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. सुट्टी रद्द. दोन ऑपरेटर बसून एकेक पीडीएफ उघडायला लागले, पानाच्या वरच्या कोपऱ्यात तलाठ्याने शाईने घातलेला क्रमांक वाचायचा आणि फाइलीला नाव द्यायचं. या वेळी क्रमांक नावाच्या सुरुवातीला, आणि गावाचं नाव फक्त फोल्डरवर.