तळघर, तार आणि खिशातला फोन

पुणे-नगर रस्त्यावरचे रांजणगाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते : अष्टविनायकांपैकी महागणपती आणि एमआयडीसी. महागणपतीविषयी एक आख्यायिका आहे. दहा सोंडा आणि वीस हातांची मूळ मूर्ती, ‘महोत्कट’, परचक्राच्या भयाने तळघरात दडवली गेली, असे ती सांगते. आख्यायिकेचे ऐतिहासिक मोल काहीही असो, तिच्यामागची समजूत जुन्या काळाची आहे. जे जपायचे, ते नजरेआड करायचे.

पेशवाईतील पत्रव्यवहाराची रीत याहून फार निराळी नव्हती. पत्र घेऊन जासुदांची जोडी निघे आणि नाजूक मजकूर पुष्कळदा कागदावर न उतरवता नेणाऱ्याच्या तोंडी धाडला जाई. पत्र वाटेत पकडले गेले, तरी शत्रूच्या हाती अर्धीच गोष्ट लागे. नाना फडणीसांचे बातमीदार दूरवर पसरलेले होते; पण एका बातमीदाराला एका वेळी एकाच दारापाशी उभे राहता येई. पाळत महाग होती. सामान्य रयतेचा खासगीपणा कोणत्या कायद्याने नव्हे, तर या महागाईने राखला होता, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

इंग्रजी अमलात टपाल आणि तार सरकारच्या हातून जाऊ लागली, तेव्हा हे गणित फिरले. १८८५ च्या तार कायद्याने सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रांबाबत तेच केले. वसाहतीचे हे कायदे स्वतंत्र भारतानेही जपून ठेवले. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे कायदे संमत झाले. संदेश अडवण्याचा अधिकार मात्र शाबूत राहिला.

त्या अधिकाराला लगाम घातला तो न्यायालयांनी. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगसाठी गृहसचिवांचा आदेश, मुदत आणि फेरतपासणी समिती असे नियम घालून दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

या निर्णयांचा एकट्या माणसाला उपयोग होतो का? मुंबईत एकदा झाला. एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे २००९-१० मधील तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी रद्द ठरवले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. मात्र आपला फोन ऐकला गेल्याचे त्याला कळले ते लाचेचा खटला उभा राहिला म्हणून. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला कळवण्याची तरतूद कायद्यात नाही.

रांजणगावहून पुण्याकडे निघाले, की सुमारे वीस किलोमीटरवर कोरेगाव भीमा लागते. १ जानेवारी २०१८ च्या तेथील हिंसाचारानंतर उभ्या राहिलेल्या एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी आरोपींचे संगणक जप्त केले. त्यांतील पत्रे हा फिर्यादीचा मोठा आधार. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झालेला तिचा निष्कर्ष असा, की जून २०१६ मधील एका ईमेलमार्फत ‘नेटवायर’ हा प्रोग्राम आत शिरला, सुमारे बावीस महिने लॅपटॉप परक्या हातात होता आणि ती पत्रे बाहेरून ठेवली गेली. राष्ट्रीय तपास संस्थेला हा अहवाल मान्य नाही. निवाडा न्यायालय करील. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे टिपून ठेवावे, की पूर्वी वाद असे तो पत्र कोणी वाचले याचा. येथे वाद आहे तो पत्र कोणी लिहिले याचा.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे सर्व संदेश धाडणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतात. वाटेतला जासूद पकडून आता काही हाती लागत नाही. म्हणून पाळतीने वाट सोडली आणि थेट घर गाठले. पेगॅसससारखे हत्यार फोनमध्येच बसते आणि कुलूप उघडल्यावरचा मजकूर वाचते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जगभरातील सुमारे १,४०० जणांना अशा हल्ल्याची सूचना दिली. त्यांत एल्गार प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रोग्राम सापडला. तो पेगॅससच होता असे सिद्ध झाले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने कळवल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले.

तेव्हा फोन अद्ययावत ठेवणे, अनोळखी दुवा न उघडणे, संदेश ठरावीक मुदतीने पुसणे ही आजची तळघरे. सरसकट टेहळणीला आणि भुरट्या चोरांना ती पुरतात, कारण त्यांनी पाळत पुन्हा महाग होते. ठरवून एकाच माणसाच्या मागे लागलेल्या सत्तेपुढे ती टिकत नाहीत. तेथे माणसाजवळ उरतो तो फक्त कायदा. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे कलम १७ केंद्र सरकारला हव्या त्या शासकीय यंत्रणेला, राष्ट्राची सुरक्षितता किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणास्तव, त्या कायद्यातून वगळण्याची मुभा देते.