देवळालीकरांनो, मनाच्या आजारासाठी कोठे जाल?

हवापालटासाठी प्रसिद्ध असलेल्या देवळाली कॅम्पच्या नावावरून इंग्रजीत वेडसरपणासाठी एक शब्द रूढ झाला आहे. ब्रिटिश अमदानीत, १८६१ मध्ये, येथे फौजेचा तळ उभा राहिला. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने अडकून पडत. हाताला काम नाही आणि वर उन्हाचा तडाखा. अशात ज्याचे भान सुटे, त्याला 'डूलाली टॅप' झाला असे म्हणत. 'डूलाली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप!

नुसते थांबून राहण्याने दुखणे वाढते, हे आजही तितकेच खरे आहे. झोप उडणे, कशातच मन न लागणे, विनाकारण धडधड होणे, अशी लक्षणे दिसू लागल्यापासून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचण्यात कित्येक महिने जातात. खर्चाची धास्ती असते आणि 'ठाण्याला पाठवतील' ही जुनी भीतीही असते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. पण बहुतेक रुग्णांना कोठेही दाखल व्हावे लागत नाही. औषधे आणि समुपदेशन यांवर ते घरी राहूनच बरे होतात.

सर्वांत जवळची मदत दूरध्वनीवर आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते व त्यासाठी पैसे पडत नाहीत. रुग्ण बोलायला तयार नसेल, तर नातेवाइकांनीही फोन करावा. लष्करी कुटुंबांचे प्रश्न वेगळे असतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये या सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

प्रत्यक्ष तपासणीसाठी नाशिकला त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय, म्हणजे सर्वांचे 'सिव्हिल', गाठावे. तेथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. जाताना जुने केसपेपर आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. काय होते आणि केव्हापासून, हे कागदावर लिहून नेल्यास उत्तम, कारण गर्दीत निम्मे सांगायचे राहूनच जाते. थायरॉइडच्या विकारातही उदासी किंवा धडधड जाणवते. त्यामुळे कॅम्पातील कॅन्टोन्मेंट रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे आधी साधी तपासणी करून घेणेही उपयोगाचे ठरते. औषधांचा गुण यायला अनेकदा दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठवड्यातच ती सोडून देऊ नयेत.

कोणी जीव देण्याची भाषा करू लागले, तर ती थट्टेवारी नेऊ नये. 'जिवाचे काही करावेसे वाटते का,' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. घरातील गोळ्या, तसेच भगूर परिसरातील शेतकरी घरांत हमखास असणारे फवारणीचे औषध, कुलुपात ठेवावे. प्रत्यक्ष धोका असल्यास १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. पोलिस केस होईल या भीतीने अनेक घरांत अजूनही मोलाचे तास वाया जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असेच मानले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही.