यात्रेमागून यात्रा: नगर जिल्ह्यातला कुस्त्यांचा हगामा

नगर जिल्ह्यात यात्रेतल्या कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडे ज्याला मैदान किंवा फड म्हणतात, तोच हा प्रकार. फारसीत ‘हंगाम’ म्हणजे ऋतू, वेळ आणि ‘हंगामा’ म्हणजे जमाव, गलबला. मराठीने दोन्ही शब्द घेतले आणि नगरी बोलीने दुसऱ्यातला अनुस्वार गाळला. कुस्तीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. ग्रामदैवताची तिथी आली की पहिल्या दिवशी पालखी नि छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या आणि ऊन कलले की हगामा, असा यात्रेचा क्रम गावोगाव बसून गेलेला आहे. नामांकित पैलवानाचे वर्षातले दोन-अडीच महिने या हगाम्यांमागे फिरण्यात जात. आज एका गावची शेवटची कुस्ती, उद्या तीस मैलांवरच्या दुसऱ्या गावची, परवा तिसऱ्या. दौरा हाच त्याचा धंदा होता.

अशा दौऱ्याचे सगळ्यात गाजलेले परदेशी उदाहरण अमेरिकन मुष्टियोद्धा जॉन सुलिवन याचे. 1883-84 मध्ये तो आठ महिने आगगाडीने अमेरिकाभर फिरला, सव्वाशेहून जास्त गावांत उतरला, आणि आपल्यासमोर चार फेऱ्या टिकून राहील त्याला हजार डॉलर देण्याचे त्याने जाहीर केले. तो दौरा एका माणसाच्या नावाभोवती उभा होता. व्यवस्थापक, तिकिटे, जाहिराती सगळे त्याच्यासोबत फिरत होते. नगरकडचा दौरा याच्या उलट बांधणीचा. इथे पैलवान येवो न येवो, हगामा होणारच असतो. गावे आपापल्या तिथीला थांबलेली, आणि पैलवान त्या तिथींच्या माळेतून पुढे सरकणारा.

लढत पाहण्याची आवड या भागात जुनी. मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये निजामशाही स्थापली. नगर शहरही त्यानेच वसवले. तो स्वतः तलवारीच्या पट्ट्यात निष्णात होता. इतिहासकार फिरिश्ता याचे तारुण्य नगरातच गेले. त्याने लिहून ठेवले आहे, की राजाची हौस पाहून शहराच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत पट्टा शिकवणारे आखाडे निघाले, पोरे एकमेकांना आव्हान देऊ लागली आणि राजासमोर रोज द्वंद्वे होऊ लागली. माणसे मरायला लागली तेव्हा राजाने आपल्यासमोरच्या लढती बंद केल्या, किल्ल्याबाहेर काळ्या चबुतऱ्याजवळ जागा नेमून दिली, आणि नियमाने झालेल्या द्वंद्वात कोणी मेला तर सूड घ्यायचा नाही असे ठरवले. त्या पट्टेबाजीतून आजची कुस्ती निघाली असे म्हणता येणार नाही. दोन्ही विद्या वेगळ्या. तरी मोकळी जागा, भोवती गर्दी आणि मधे कोणी न पडण्याचा दंडक, ही मांडणी हगाम्याला अनोळखी नाही.

पुढच्या काळात मात्र नगरची आणि कोल्हापूरची वाट फुटली. कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थाने टिकली आणि तिथल्या दरबारांनी पैलवान पदरी बाळगले. शाहू महाराजांनी तर देशभरचे मल्ल कोल्हापुरात आणले आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान पुरे करून घेतले. नगर 1818 मध्ये पेशवाईसोबत इंग्रजांकडे गेले. कलेक्टरच्या कचेरीला दूध-तुपाचा खर्च करून मल्ल पोसण्यात काय रस असणार? दरबार नव्हता, म्हणून इथे पोशिंदा झाली ती जत्रा. घरटी वर्गणी निघे, पंच मंडळी हिशेब ठेवत, आणि त्यातून पालखी, तमाशा, दारूकाम नि कुस्त्यांचे इनाम भागे. कोल्हापूरचा पैलवान पगारी होता, तर नगरच्या वाटेवरचा पैलवान रोजच्या रोज कमावून खाणारा. दोघांच्या कुस्तीत जो फरक सांगितला जातो, त्याचे निदान थोडे कारण या अर्थकारणात असावे.

एखादी यात्रा नव्याने कशी उभी राहते याची चांगली नोंद शिर्डीची आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांनी 1897 मध्ये रामनवमीला शिर्डीत उरूस भरवायचे ठरवले. गावच्या कुलकर्ण्याने आडकाठी केली, ती दूर होऊन सरकारी परवानगी मिळाली. साईचरित्रात त्या वेळच्या अडचणी आल्या आहेत: विहिरी दोनच, त्यातली एक आटणारी आणि दुसरी खारट. पाण्याची तजवीज झाल्यावर दुकाने आली आणि लगेच कुस्त्या. यात्रा म्हटली की आखाडा हवाच, हे तेव्हा वेगळे सांगावे लागत नव्हते. त्याच चरित्रात मोहिद्दीन तांबोळी आणि साईबाबा यांच्यात झालेल्या कुस्तीची हकिगत आहे. बाबा त्या कुस्तीत हरले आणि त्यानंतर त्यांनी पेहराव बदलला, असे ती सांगते.

दौऱ्याचे वेळापत्रक पंचांग ठरवी. पाथर्डी तालुक्यातली मढीच्या कानिफनाथांची यात्रा रंगपंचमीची, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीची. शिर्डीची रामनवमी चैत्र शुद्ध नवमीला. मग चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती, आणि मारुती नाही असे गाव सापडणे अवघड. पारनेर तालुक्यात निघोजच्या मळगंगेची यात्रा चैत्र वद्य अष्टमीला. या चार मोठ्या तिथींच्या मधल्या मोकळ्या दिवसांत लहान गावांचे हगामे बसवलेले. अक्षय्य तृतीया ओलांडली की जोर ओसरे आणि मृगाचे ढग दिसू लागले की पैलवान तालमीत परते. वर्षाच्या दुसऱ्या टोकाला नवरात्राच्या सुमारास मोहटादेवीचा हगामा असे, पौष पौर्णिमेला कोरठण खंडोबाची यात्रा येई; पण खरी रांग चैत्र-वैशाखाचीच.

त्याला शेतीचे कारण आहे. नगर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. माघ-फाल्गुनात ज्वारी काढून, मळून घरात येते. रान मोकळे आणि माणूसही मोकळा. पुढे भंडारदऱ्याच्या पाण्यावर उत्तरेकडे ऊस आला, 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड मजूर हंगाम संपवून गुढीपाडव्याच्या आसपास गावी परतू लागले. वर्गणी मागायला याहून बरी वेळ नाही. जिल्ह्याचे दोन तुकडे पडले ते इनामातही दिसत: पाटपाण्याच्या गावात आकडा मोठा, कोरडवाहू गावात नारळ, फेटा आणि जेवण यांवर भर. दुष्काळ पडला की वर्गणी आटे आणि तिच्यासोबत कुस्त्यांची संख्याही. 1972 चा दुष्काळ या जिल्ह्याने फार जवळून सोसला.

जुन्या काळी प्रवास बैलगाडीचा किंवा पायी. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि विसापूर, सारोळा, नगर, वांबोरी, राहुरी, पुणतांबा, कोपरगाव अशी स्टेशनांची ओळ जिल्ह्याच्या मधून उभी राहिली. पुण्या-मुंबईकडचा किंवा खानदेशातला मल्ल आता रात्रीत येऊ शके. स्टेशनापासून पुढे गाडी गावची. एसटीची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावरच धावली. पुढच्या काळात बस रेल्वे नसलेल्या तालुक्यांत शिरली आणि दौऱ्याचा नकाशाच बदलला. पूर्वी आठवड्याला दोन-तीन हगामे गाठणारा पैलवान आता रोज एक गाठू शकला. सोबत वस्ताद, दोन-तीन पठ्ठे, वळकटी, लंगोट, तेलाची बाटली, आणि बदाम-खसखस वाटायला कुंडी-सोटा. खुराक चुकला तर अंग उतरते, म्हणून कुंडी घरी राहत नसे. मुक्काम पाटलाच्या वाड्यावर नाहीतर देवळात.

आखाड्याची जागा बहुधा ओढ्याकाठची किंवा नांगरून कुळवलेल्या रानातली. काळ्या रानातली ढेकळे पाठीला लागतात, म्हणून मऊ पोयटा किंवा तांबडी माती गाड्या भरून आणून टाकत. तालमीतल्या हौद्यासारखे ताक, हळद, लिंबू, तेल या मातीला क्वचितच मिळे. पाणी शिंपडून, चाळून ती भुसभुशीत केली की झाले. आखाड्याची पूजा होऊन नारळ फुटे, हलगी कडाडे. पहिल्या कुस्त्या रेवड्यांवरच्या: सात-आठ वर्षांची पोरे, कमरेला कुणाचा तरी मोठा लंगोट गुंडाळलेला, जिंकणाऱ्याच्या ओंजळीत मूठभर रेवड्या. मग नारळावरच्या, मग पैशांच्या, आणि आकडा चढत चढत शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत.

वजनकाटा नसे. पैलवान कपडे उतरवून आखाड्यात फेरी मारी, पंच नजरेने तोडीस तोड पाहून जोड लावत. जोड पसंत नसेल तर गर्दीच ओरडून सांगे. सलामी झडे, शड्डू घुमे, खडाखडी सुरू होई. पट काढणे, ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग हे शब्द माळावर बसलेल्या म्हाताऱ्यांना जितके ठाऊक तितकेच पोरांना. दोन्ही खांदे मातीला टेकले की निकाल. गुण मोजणे नव्हते. जिंकलेला पैलवान गर्दीतून फेरी मारी आणि लोक खुशीने त्याच्या हातावर पैसे ठेवत. ही फेरी लहानसहान नव्हती. आवडलेल्या डावाला लोक जाहीर इनामाशिवाय हात सैल सोडत, आणि हरलेलाही चांगला लढला असेल तर त्याला रिकामा परतू देत नसत. बरोबरीत सुटली तर इनाम सहसा निम्मेनिम्मे.

याच सोयीत दौऱ्याचा रोग दडलेला होता. रोज कुस्ती धरायची तर रोज हाडे पणाला लावून चालत नाही. दोन नामांकित मल्ल एकाच रांगेतल्या चार गावांत समोरासमोर येत. आपसात ठरवून आज बरोबरी, उद्या बरोबरी, आणि इनाम वाटून घेणे. याला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. राजकारणातल्या खोट्या भांडणाला आज हा शब्द सर्रास वापरला जातो, तो कुस्तीच्या आखाड्यातूनच गेला. गावेही काही भोळी नव्हती. ‘कुस्ती निकालीच होईल’ अशी अट घालत, रेंगाळणाऱ्या जोडीला पंच हात धरून बाहेर काढत आणि इनाम राखून ठेवत. खेळ चोख राहिला तो या जाणत्या गर्दीमुळे. मल्लांच्या सचोटीला त्याचे श्रेय थोडेच देता येईल.

कीर्तीचा पैसा करायला जत्रेची माती उपयोगी पडते, हे त्या काळी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना पैसे उभे करावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, बैलगाड्यांच्या मिरवणुकीत घरी गेले आणि मग कुस्त्या भरवून त्या पैशांतून त्यांनी देणे फेडले.

1953 मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि 1961 पासून महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू झाला. आता पैलवानाचा भाव किताबावरून ठरू लागला. केसरीची गदा मिळाली की पुढच्या चैत्रात हगाम्यांची निमंत्रणे आणि इनाम दोन्ही चढत. म्हणजे दौरा संपला नाही, त्याला वार्षिक परीक्षा जोडली गेली. मॅट आल्यावर कसब बदलले: वेळ बांधलेली, गुण मोजलेले, वजनाचे गट. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत केसरी झाला, तो 3-2 अशा गुणांवर. हगामे आजही भरतात. हलगीच्या जोडीला माईक आला, इनामाचे आकडे फ्लेक्सवर आले, अनेक गावांत मुलींच्याही कुस्त्या लागतात.

जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्यावर काही महिन्यांतच, 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, शहराच्या वाडिया पार्कात 67 वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग होते. गादीच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेवर मात केल्याचे पंचांनी जाहीर केले आणि वाद पेटला. पुढे किताबाच्या लढतीत मातीचा विजेता महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन बाहेर पडला आणि गदा मोहोळला मिळाली. राक्षेची तक्रार होती ती आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती ही. यात्रेच्या आखाड्यात असा संशय आला, तर चारी बाजूंनी एकच ओरडा उठतो, ‘परत लावा!’, आणि बहुतेक वेळा कुस्ती परत लागते.