बाजूला व्हा, दगड येतोय!

आधी तोंडावर रुमाल बांधा, मग इकडेतिकडे बघा. हवेत जे पांढुरकं तरंगतंय ते बंगळूरचं सकाळचं धुकं नाही, ती ग्रॅनाइटची पूड आहे. एव्हाना ती तुमच्या पापण्यांवर बसली आणि दातांखाली करकरलीसुद्धा. संध्याकाळी डोक्यावरून चार तांबे पाणी घेतलंत तरी कानामागे उरणारच.

साल १९५४ च्या आसपासचं. गाव बंगळूर, म्हैसूर राज्याची राजधानी. तुमच्या पाठीशी कब्बन पार्कची झाडं आहेत आणि झाडांतून डोकावणारी लांबलचक लाल इमारत म्हणजे अट्टारा कचेरी. हायकोर्ट तिथंच, सरकारी कचेऱ्याही तिथंच. समोर मात्र अजून इमारत म्हणावी असं पुरतं काही नाही. बांबूच्या परांच्या, मातीचे उतार, दोरखंड, अर्धे उभे राहिलेले खांब आणि माणसंच माणसं. याचंच पुढे विधानसौध होणार आहे.

आणि हा आवाज! कामावर जवळजवळ १५०० पाथरवट, मूर्तिकार, गवंडी आणि लाकडावर कोरीवकाम करणारे कारागीर आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी जरी एकदम हातोडा उचलला, तरी पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा कडकडाट उठतो. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी अशा सगळ्या भाषा त्या कडकडाटातून वाट काढत असतात. तुम्हाला एकही येत नसेल तरी अडणार नाही. इथं हात बोलतात. तळवा खाली म्हणजे थांबा, दोन बोटं वर म्हणजे ओढा, आणि कुणी दोन्ही हात पसरून ओरडला तर विचार करत बसू नका, सरळ बाजूला उडी मारा.

या, त्या म्हाताऱ्या पाथरवटाशेजारी उकिडवे बसा. तो मांडी घालून बसलाय, डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्याफटक. त्याच्यापुढच्या दगडावर गेरूनं एका कमळाची आकृती रेखलीय. तो तुमच्या हातात टाकी देतो. मारा. हातोडा उसळून परत येतो, मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात, आणि दगडावर? दगडावर जेमतेम एक पांढरा ठिपका उमटतो.

हा दगड इथलाच, शहराबाहेरच्या मल्लसंद्र आणि हेसरघट्टा भागातला. तुम्ही सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या सवयीचे. तोही कठीण, पण वेरूळ त्याच्यातून निघालं. इथून काही तासांवरच्या बेलूर-हळेबीडच्या होयसळ देवळांचा दगड तर खाणीतून काढल्यावर इतका मऊ असतो, की कारागिराला मूर्तीच्या गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी सुटा करता येतो. बंगळूरचा ग्रॅनाइट असले लाड करू देत नाही. यात बारीक जाळी विणायला गेलात तर कपचा उडून आठवड्याची मेहनत वाया जाते. म्हणून इथलं कमळ भरदार, इथली महिरप जाड, इथलं तोडं रुंद. या इमारतीला नुसतं अवजड, बोजड म्हणून मोकळे होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांनी एकदा ही टाकी हातात धरायला हवी होती.

म्हातारा हसतोय बघा, तुमच्या हातातली टाकी काढून घेतोय. तुम्ही तिचं टोक बोथट केलंत. काळजी नको, टाक्या इथं दिवसातून कितीदा तरी बोथट होतात. त्या कोपऱ्यातल्या लोहाराकडे घेऊन जा. तिथं पोचायच्या आधीच कोळशाची धग गालांवर लागते. भाता फुसफुसतोय, लालभडक टोक ऐरणीवर ठोकलं जातंय, आणि मग पाणी द्यायची वेळ. चर्र! वाफेचा लोट नाकात शिरतो, त्याला लोखंडाचा वास. पाणी देताना लोहार टोकाचा रंग डोळ्यांत तेल घालून बघतो. जास्त कडक झालं तर टोक मोडणार, कमी पडलं तर वाकणार. दगड घडवणाऱ्यांचं कौतुक पुढे होईलही, पण दिवसभर या धगीत उभ्या असलेल्या लोहाराची आठवण ठेवा.

आता जरा त्या मातीच्या उतारावर नजर टाका. पाटी वाहणाऱ्यांची रांग वर चाललीय आणि कडेला काठी घेतलेले शिपाई उभे आहेत. कामावर ५,००० हून अधिक बिगारी मजूर आहेत आणि त्यांतले बहुतेक शिक्षा भोगणारे कैदी. मध्यवर्ती तुरुंग इथून चालत जाण्याइतका जवळ. तुमच्या पुढ्यातून जो पोरगेला तरुण घमेलं घेऊन गेला, त्याच्या नजरेला नजर मिळवायला तुम्ही क्षणभर कचरलात ना? तो नाही कचरला. भिंतीआड कोंडून राहण्यापेक्षा उन्हात घाम गाळलेला बरा, असं त्याच्या चालीतच दिसतं. काम संपल्यावर या कैद्यांना सोडून दिलं गेलं, असं बंगळुरात आजही सांगतात. कायदे जिथं होणार ती वास्तू कायदा मोडणाऱ्यांच्या खांद्यांवरून वर चढतेय. माझ्या लेखी तिच्या कुठल्याही घुमटाइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

भूक लागली? दुपारची सुट्टी झालीय. कडकडाट एकदम थांबतो आणि कानात नुसती शीळ उरते. झाडाखाली पंगत बसलीय. तुमच्या पानात नाचणीचा वाफाळता गोळा पडतो, ‘मुद्दे’ म्हणतात त्याला. वर पालेभाजी-डाळीचं झणझणीत सारू. थांबा, चावू नका! मुद्दे चावायचे नसतात. बोटांनी तुकडा तोडायचा, साऱ्यात बुडवायचा आणि गिळायचा. पहिला घास घशात अडेल, दुसरा सरळ उतरेल, आणि तिसऱ्याला कळेल की यावर माणूस संध्याकाळपर्यंत दगड कसा उचलतो. नंतर पितळी पेल्यात कॉफी, चिकोरीच्या कडवट वासाची. पेल्याचा काठ बोटांना चटका देतो म्हणून तुम्ही तो उपरण्याच्या टोकात धरता.

आता उतारावरून वर चला. इथं पुढे ४५ पायऱ्या होतील, दोनशे फुटांहून रुंद. सध्या फळ्या आणि मुरूम आहे, पाय जपून टाका. वर पोचलात की समोर खांब येतात, एकेक ४० फूट उंच, असे १२. जा, एकाला मिठी मारून बघा. हात पुरत नाहीत. उन्हाकडची बाजू तव्यासारखी तापलीय, सावलीकडची गारेगार. मान मागे टाका, अजून, अजून. आणखी वर ६० फूट व्यासाचा मधला घुमट येईल आणि त्याच्या माथ्यावर चार सिंह. दर्शनी भागावर मोठ्या कन्नड अक्षरांत कोरलं जाईल, ‘सरकारद केलस देवर केलस’, म्हणजे सरकारचं काम हे देवाचं काम.

आतल्या बाजूला या, इथं एकाएकी वास बदलतो. लाकडाचा ताजा भुसा, आणि एका दालनापाशी चक्क चंदन! मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या खोलीसाठी चंदनाचा दरवाजा कोरायचा आहे. खाली पडलेली एखादी ढलपी उचलून हुंगा, पण खिशात मात्र टाकू नका. म्हैसूर राज्यात चंदन सरकारी मालकीचं, झाड कुणाच्याही अंगणात वाढलेलं असो.

बाहेर एकदम धावपळ कशाची? मुकादम आवाज चढवतोय, पाथरवटांच्या पाठी ताठ झाल्यात. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या आलेत. ही त्यांची नेहमीची फेरी. सोबत मुख्य अभियंता बी. आर. माणिकम, हातात नकाशांची गुंडाळी. पायाभरणी नेहरूंच्या हस्ते १९५१ मध्येच झाली होती, पण तेव्हाचा आराखडा साधा होता. मग रशियन पाहुण्यांना शहर दाखवताना त्यांनी विचारलं म्हणे, की सगळ्या इमारती युरोपी धाटणीच्या, तुमचं स्वतःचं काही नाही का? तो प्रश्न हनुमंतय्यांच्या जिव्हारी लागला. त्यातून हे ७०० फूट लांब आणि ३५० फूट रुंद प्रकरण उभं राहिलं. द्राविडी खांब, चोळ-होयसळ-विजयनगरच्या खुणा, मागडीचा गुलाबी दगड, तुरुवेकेरेचा काळा. खर्चावरून गावात कुरबुर आहे, चौकशीचाही ससेमिरा लागेल. १९५६ मध्ये काम पुरं होईल तेव्हा हनुमंतय्या त्या पदावर नसतील. आत्ता मात्र ते एका कोरलेल्या दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवताहेत. बघणारं सगळं वर्तुळ श्वास रोखून आहे. ते मान हलवतात, पुढे सरकतात, आणि म्हातारा पाथरवट उपरण्यानं मान पुसतो.

तुम्ही कुठं निघालात? लॉरीवरून दगड उतरलाय, तिकाटणं उभं झालंय, कप्पीतून दोर ओवलाय आणि एक माणूस कमी पडतोय. धरा ते टोक. काथ्याचा दोर तळव्यांना सोलून काढेल, पण सोडू नका. टाचा मुरमात रोवा. कुणीतरी सूर लावतो, ‘ऐलेसाऽ’, आणि वीस घसे उत्तर देतात. तुमचा एकविसावा. दगड बोटभर हलतो. पुन्हा ‘ऐलेसाऽ’. वीतभर उचलतो, हवेत गर्रकन वळतो, वरचे गवंडी त्याला पहारीनं आत घेतात. ओळंबा सोडला जातो. सरळ बसला! कुणीतरी तुमच्या पाठीत जोरदार थाप मारतो, खोकला येईपर्यंत हसता तुम्ही. आणि खालून मुकादम ओरडतोय, दुसरी लॉरी आली म्हणून.