शंभराहून पांढरा

झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर कागद जुन्या वहीच्या पानाशेजारी धरला, तर तो निळसर दिसतो. नीळ दिलेल्या धोतरासारखा म्हणावा, तर नीळ पिवळेपणा झाकताना थोडा उजेडही खाते. कागदातलं ब्राइटनर हे रसायन उलट उजेडात भर घालतं. डोळ्यांना न दिसणारं अतिनील ते गिळतं आणि ४४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश बाहेर टाकतं. म्हणूनच अशा कागदाचा शुभ्रतांक शंभराच्या वर जातो.

ब्राइटनरचा मूळपुरुष झाडाच्या सालीत सापडतो. १९२९मध्ये पाउल क्राइस या जर्मन रसायनज्ञाने हॉर्स चेस्टनटच्या सालीतलं एस्क्युलिन कापडाला लावून ते उजळवलं. उन्हात ते टिकेना. १९४०च्या सुमारास आय. जी. फार्बेनची स्टिल्बीन जातीची रसायनं आली, नि साबण, कापड, कागद सगळेच उजळले. आपल्या घरांत हीच विद्या टिनोपालच्या नावाने शिरली.

रंग मोजणारं यंत्र मात्र आधीच तयार होतं, आणि नेमकं याच कामाला आंधळं होतं. एमआयटीच्या आर्थर हार्डींचा स्पेक्ट्रोफोटोमीटर १९३५मध्ये जनरल इलेक्ट्रिकने विकायला काढला. त्यात प्रकाश आधी फोडायचा आणि एकेक दृश्य रंग नमुन्यावर टाकायचा. ब्राइटनरला हवं ते अतिनील कागदापर्यंत पोचायचंच नाही! इलाज साधा, पण मुळावर घाव घालणारा: क्रम उलटा करा. अख्खा उजेड कागदावर टाका, परतलेला फोडा.

मग भांडण दिव्यावर आलं. टंगस्टनच्या दिव्यात अतिनील थोडं, तेही दिव्यागणिक वेगळं. एकाच कागदाचे दोन यंत्रांवर दोन आकडे. बासेलच्या सिबा-गायगी कंपनीत ग्रीसर यांनी सरकता अतिनील फिल्टर बसवला. प्रमाणित ब्राइटनरयुक्त नमुन्याचा ठरलेला आकडा येईपर्यंत तो आत-बाहेर करायचा. माझ्या मते सगळ्या कुळकथेतली ही सर्वांत हुशार युक्ती, कारण इथे नमुनाच यंत्राची परीक्षा घेतो.

छपाईवाल्यांसाठी आयएसओ १३६५५ या मानकाने २००९मध्ये मोजणीच्या प्रकाशाची नावं पक्की केली: जुना टंगस्टनचा प्रकार एम०, दिवसाच्या उजेडाइतकं अतिनील असलेला एम१, अतिनील गाळलेला एम२. एम१ आणि एम२ यांच्या निळ्या भागातल्या वाचनांचा फरक म्हणजे ब्राइटनरचा परिणाम. त्याची मात्रा नव्हे. टायटॅनियम डायऑक्साइड भरलेल्या कागदात ती पांढरी भुकटी स्वतःच अतिनील शोषून घेतो. ब्राइटनर भरपूर असूनही फरक किरकोळ निघतो.