शासकीय संशोधनाचे हस्तांतरण आणि त्यावरील उपजीविका

‘हस्तांतरण’ या संज्ञेचा अर्थ प्रथम निश्चित केला पाहिजे. शासकीय निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात सिद्ध झालेले ज्ञान संस्थेबाहेरचा उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर आणि स्वतःच्या नफातोट्यावर वापरू लागतो, तेव्हा हस्तांतरण घडले असे म्हणावे. या व्याख्येत तीन गोष्टी बसत नाहीत : शोधनिबंधाचे प्रकाशन, उत्पादकाला दिलेला सल्ला आणि सामंजस्य करार. पहिल्यात जबाबदारी कोणीच घेत नाही. दुसऱ्यात ज्ञान संस्थेकडेच राहते. तिसऱ्यातून पुष्कळदा समारंभाच्या छायाचित्राखेरीज काही निष्पन्न होत नाही.

हस्तांतरित होणाऱ्या ज्ञानाचे तीन अंश आहेत. (१) अधिकार, म्हणजे पेटंट व त्यावरील परवाना. (२) लेख, म्हणजे तापमान, दाब, प्रमाण व क्रम यांचे लिखित वर्णन. (३) कौशल्य, म्हणजे करणाऱ्याच्या हातात असलेले, लिहिले न गेलेले ज्ञान. पहिले दोन अंश कागदावर देता येतात. तिसरा माणसाबरोबरच जातो. यांपैकी कोणता अंश निर्णायक ठरतो यावर हस्तांतरणाचा प्रकार अवलंबून असतो आणि त्यात कोणाला काम मिळेल हेही त्यावरूनच ठरते. सावित्रीकाठच्या दोन शेजारी तालुक्यांत याचे दोन भिन्न प्रकार आढळतात. महाडमध्ये ज्ञान रसायनाच्या कारखान्यात उतरते, तर पोलादपुरात ते भाताच्या खाचरात.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण महाड औद्योगिक क्षेत्रातच आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या विनती ऑरगॅनिक्स या कंपनीने येथे १९९२ मध्ये आयसोब्युटिल बेंझीनचे उत्पादन सुरू केले. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचा हा कच्चा माल होय. त्याचे तंत्रज्ञान फ्रान्समधील सार्वजनिक पेट्रोलियम संशोधन संस्थेकडून घेतलेले होते. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, २००२ मध्ये, याच कंपनीने कशेडी घाटापलीकडे खेड तालुक्यातील लोटे येथे एटीबीएस या रसायनाचे उत्पादन सुरू केले. जलशुद्धीकरण, तेलविहिरी आणि ॲक्रिलिक तंतू यांत ते लागते. या वेळी तंत्रज्ञान पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे होते. दोन्ही रसायनांच्या जागतिक उत्पादकांत ही कंपनी पुढे अग्रस्थानी आली.

एकाच ग्राहकाने दोन देशांच्या दोन सार्वजनिक संस्थांकडून ज्ञान घेतले, म्हणून हे उदाहरण विवेचनास विशेष उपयुक्त आहे. दाते भिन्न आहेत. समान आहे तो घेणारा. पुण्याच्या प्रयोगशाळेचे ज्ञान घेताना या घेणाऱ्याच्या गाठीशी महाडचे एक दशक होते. यावरून एक सिद्धांत मांडता येतो : हस्तांतरणाचे यश दात्याच्या संशोधनाइतकेच ग्राहकाच्या ग्रहणक्षमतेवर अवलंबून असते.

ग्रहणक्षमता कशात असते हे पाहण्यासाठी प्रक्रियेचे चार टप्पे करावे लागतात : सिद्धी, वृद्धी, अनुमती व स्थैर्य.

सिद्धी प्रयोगशाळेत होते. तिथे काचेच्या पात्रात काही ग्रॅम पदार्थ निघतो, शोधनिबंध व पेटंट-अर्ज तयार होतो, आणि वैज्ञानिकाच्या बढतीपुरते काम येथे संपते.

वृद्धी म्हणजे तीच अभिक्रिया पायलट प्लँटमध्ये, आणि पुढे कारखान्यात, मोठ्या प्रमाणावर करणे. येथे भूमिती आड येते. पात्राची लांबी, रुंदी व उंची दहापट केली की घनफळ हजारपट होते, पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो. उष्णता घनफळात निर्माण होते आणि पृष्ठभागातून बाहेर पडते. परिणामी काचेच्या पात्रात आपोआप थंड राहिलेली अभिक्रिया मोठ्या रिॲक्टरमध्ये आवरेनाशी होऊ शकते. ढवळण, गाळणी, वाळवण आणि अशुद्धींचा संचय यांचेही असेच होते. याला स्थानाची भर पडते. टोल्युइन व प्रोपिलीन यांच्यापासून आयसोब्युटिल बेंझीन करण्याच्या प्रचलित प्रक्रियेत अल्कली धातूचा उत्प्रेरक लागतो, आणि अल्कली धातूंची पाण्याशी तीव्र अभिक्रिया होते. जुलै २०२१ मध्ये पुराखाली गेलेल्या महाडसारख्या ठिकाणी अशा उत्प्रेरकाची साठवण, हाताळणी व विल्हेवाट कशी करावी, याचे उत्तर कोणत्याही परदेशी लेखात लिहिलेले नसते. ते जागेवरच शोधावे लागते.

अनुमती हा टप्पा प्रशासकीय आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेसाठी एक व चालविण्यासाठी दुसरी अशी संमतिपत्रे लागतात. शिवाय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता हवी. प्रयोगशाळेच्या लेखात सांडपाण्याची राशी व गुण दिलेले नसतील, तर हा टप्पा ओलांडता येत नाही. प्रयोगशाळेत सांडपाणी मोजण्याची सवय क्वचितच असते.

स्थैर्य म्हणजे प्रत्येक बॅच सारखी निघणे. त्याचे श्रेय कोणालाच मिळत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही.

दुसऱ्या प्रकाराकडे वळताना पहिला फरक कायद्याचा दिसतो. पेटंट अधिनियम, १९७० नुसार वनस्पती व बियाणे यांवर पेटंट मिळत नाही. वाणाचे रक्षण २००१ च्या स्वतंत्र कायद्याने होते, आणि त्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क दिला आहे; ब्रँड लावून ते विकण्यास मात्र मनाई आहे. म्हणून येथे अधिकाराचा अंश दुर्बल आहे आणि लेखाचा जवळजवळ नाहीच, कारण ज्ञान दाण्यातच असते. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राचे ‘कर्जत-३’ हे हळवे भात याच वाटेने शेतात गेले. हे केंद्र १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. बियाण्याचे टप्पे पैदासकार, पायाभूत व प्रमाणित असे तीन असून त्यांचे टॅग अनुक्रमे पिवळे, पांढरे व निळे असतात. एकेका टप्प्यावर राशी वाढते, म्हणून वृद्धी येथेही आहेच. येथला धोका उष्णतेचा नसून भेसळीचा आहे.

तथापि शेतीतील सर्व ज्ञान दाण्यात मावत नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या नावाशी निगडित चारसूत्री भातशेतीत भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट अशी चार सूत्रे आहेत. पहिली तीन शेतकरी पाहून शिकतो. चौथ्यासाठी यंत्र लागते, ते चालविणारा लहान उत्पादक लागतो, आणि लावणीच्या आठवड्यात माल गावात पोहोचावा लागतो. पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत पद्धतीचा प्रसार प्रात्यक्षिकापेक्षा या चौथ्या सूत्राच्या पुरवठ्यावर अधिक अवलंबून असतो.

आता वृत्तीचा, म्हणजे हस्तांतरणावर चालणाऱ्या उपजीविकेचा, विचार करता येतो. तिचे चार वर्ग पडतात.

(१) अधिकारपक्षाचा पेटंट एजंट. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि २१ वर्षे पूर्ण असलेल्या भारतीय नागरिकाला त्यासाठीची परीक्षा देता येते. कायद्याची पदवी आवश्यक नाही. (२) दातृपक्षाचा अधिकारी. तो प्रयोगशाळांच्या व्यवसाय-विकास विभागात असतो, किंवा १९५३ पासून हेच काम करणाऱ्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळासारख्या संस्थेत. परवाना एकाला द्यावा की अनेकांना, शुल्क आगाऊ घ्यावे की विक्रीवर, हे तो ठरवितो. (३) प्रसारपक्षाचा विषय-विशेषज्ञ, जसा रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात असतो. (४) ग्राहकपक्षाचा अभियंता, जो वृद्धी, अनुमती व स्थैर्य हे तिन्ही टप्पे निभावतो.

पहिल्या तीन वर्गांना पदनाम आहे. चौथ्याला नाही, कारखान्यात तो ‘प्रोसेस’चा, ‘प्रॉडक्शन’चा किंवा नुसताच ‘प्लँट’चा माणूस म्हणून ओळखला जातो. धोरणाचे लक्षही पहिल्या दोघांकडेच राहिले आहे. अमेरिकेच्या १९८० च्या बे-डोल कायद्याच्या धर्तीवर २००८ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक अधिकाराचा स्वामी कोण एवढ्याभोवतीच फिरत होते, आणि त्याचा कायदा झाला नाही. अधिकाराचा प्रश्न गौण नाही. परंतु महाड व लोट्याच्या उदाहरणावरून दिसते ते असे की अधिकार मिळाल्यानंतरचे काम अधिक लांब व अधिक दुर्मीळ कौशल्याचे असते.

महाडच्या शेजारच्या माणगाव तालुक्यात, लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकविली जाते. तेथील विद्यार्थ्याला या वृत्तीत शिरायचे असेल, तर त्याने आरंभ परवान्याच्या मसुद्यापासून न करता रिॲक्टरवरच्या रात्रपाळीपासून करावा. पेटंट एजंटची परीक्षा त्यानंतरही देता येते.